करटी

ठकूआत्याकडे सोमवारी तीन नारळ, बुधवारी चार,
शुक्रवारचा हिशेबच नाही.
मी गोणी घेऊन घणसोलीच्या आळीत शिरते
तशी ती ओट्यावरून हसते:
"काय गो, कालेजान जाऊन कोलसंच कराचं व्हतं,
तं चूल काय वायीट व्हती?"

करट्या धुते, काथ्या ओरबाडून काढते,
फोडते नखाएवढ्या,
आम्लात रात्रभर भिजत घालते, ती वाल घालते तशा.
मग भट्टी. पाचशे अंश, हवेची फट बंद.
बाहेर येतं ते काळं, हलकं, कडकडीत.
चिमूटभर घेऊन आतून उलगडता आलं असतं
तर कबड्डीची सात मैदानं झाली असती,
असं वर्तकबाई सांगतात.
भोकंच भोकं. भोकांच्या आत भोकं.
इतकं ठासून भरलेलं रिकामपण
मी दुसरीकडे पाहिलं नाही.

पाणी पुलाखालून आणते, ओहोटी लागल्यावर,
तपकिरी बाटलीत.
दिसायला तसं बरं असतं,
वास ओल्या पुठ्ठ्याचा.
पण यंत्राच्या कागदावर सहाव्या मिनिटाला
एक सुळका उभा राहतो: सिप्रोफ्लॉक्सासिन.
नाव घरातलंच.
आमच्या बिस्किटाच्या डब्यात त्याची अर्धी पट्टी आहे,
तीन गोळ्यांत ताप उतरला, चार उरल्या.
नाल्यात हा कोणाचा ताप?
कारखान्याचा, इस्पितळाचा, कोंबड्यांचा, आमच्या मोरीचा?
यंत्र किती ते सांगतं.
कोणाचं, ते त्याला विचारायचं नसतं.

जोमा आतोबा खाडीत निवट्या धरायला उतरले
आणि कालवाची धार लागली पोटरीला.
चार महिने झाले.
तपासणीच्या कागदावर औषधांची नावं एकाखाली एक,
आणि जवळजवळ प्रत्येकापुढे एकच अक्षर, आर.
"आर म्हंजे काय गो?"
जंतू जुमानत नाहीत, मी म्हटलं.
ते बराच वेळ पट्टी बांधलेल्या पायाकडे बघत राहिले.
"शिकली म्हनाची. आपले पोरांपरीस लवकर."

खरंच शिकले.
नाल्यात रोज थोडं थोडं औषध,
रोज थोडा थोडा धडा,
सुट्टी नाही.

प्रबंधात शब्द आहे अधिशोषण.
'अधि' माझ्याकडून दोनदा सुटला,
बाईंनी दोन्ही वेळा लाल रेघ मारली.
शोषण निराळं, त्यात गिळून टाकतात;
ते आम्हाला शिकवावं लागत नाही,
आमची मिठागरं कुठे गेली ते ठाऊक आहे.
अधिशोषण म्हणजे नुसतं अंगाला धरून ठेवणं,
दारी आलेल्याला ओट्यावर बसवायचं
आणि पुढच्या गावाला जाऊ द्यायचं नाही.

चंबू हलत राहतात.
पहिली दहा मिनिटं कोळसा झडप घालतो,
मग सुस्तावतो.
चौथ्या तासाला सुळक्याचं टेकाड, टेकाडाचं टेंगूळ.
शुद्ध पाण्यात चौऱ्याण्णव टक्के!
नाल्याच्या पाण्यात एकसष्ट.
ओट्यावर साबण, तेल, कुजका पाला
आधीच पाय पसरून बसलेले.
मी दोन्ही आकडे लिहिले.
दुसरा जरा हळू लिहिला.

आत्याला सगळं सांगितलं, हातवारे करून.
ती खवणीवरून उठली नाही.
"धरलास, बरा केलास. आता ठेवशील कंय?"

भरलेला कोळसा फळीवर बरणीत आहे,
झाकणावर माझ्या अक्षरात: हात लावू नये.
तापवला तर पुन्हा रिकामा होतो,
दर खेपेला थोडा कमी.
जाळला तर धूर.
पुरला तर पाऊस आहेच.
माझ्याकडे उत्तर नव्हतं, मी गोणीचं तोंड बांधत बसले.

आत्याने खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला.
"आयतवारी ये," म्हणाली,
"सुऱ्याची हलद हाय.
साठेक नारल फुटतील.
मोठी गोन आन."